पुराचं पाणी कुणाच्या रानात?

२३ जुलै २०२१ रोजी कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ५६ फुटांची पातळी ओलांडली. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट. त्याच्या दोनच वर्षं आधी, ऑगस्ट २०१९ मध्ये, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली होती. तिथं धोका ४५ फुटांवर सुरू होतो. तेव्हापासून या पट्ट्यात पुरावरचे तेच ते उपाय पारावर, पेपरात आणि विधानसभेत घोळले जातात. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची दारं, नदीतला गाळ, काठाच्या भिंती, दुष्काळी भागाकडे जाणारा बोगदा. अलीकडे त्यात एका विचाराची भर पडली आहे. नदीला तिची जागा परत द्या, डोंगरावरचं गवत आणि झाडं राखा, पाणथळी बुजवू नका, पाणी रेंगाळत येऊ द्या म्हणजे पूर बुटका होईल.

मला हा विचार पटतो. पण तो मांडणारी बहुतेक माणसं नदीपासून लांब राहतात, आणि ज्यांच्या सातबाऱ्यावर ही जागा आहे ती माणसं त्या चर्चेत नसतात. म्हणून हा संवाद मी एका मामा-भाचीत लावला आहे. मामा शिरोळ तालुक्यातले ऊसकरी. नदीकाठच्या मळीत सहा एकर, गावच्या उपसा सिंचन संस्थेचा कारभार बरीच वर्षं पाहिलेला, त्यामुळे क्युसेक आणि टीएमसी त्यांना कुणी शिकवायला नको. भाची पुण्यात असते, नदीखोऱ्यांवर काम करते. दोघंही कल्पनेतली, पण त्यांची भाषा आणि त्यांचे आक्षेप शिरोळात कुणाच्याही सोप्यात ऐकायला मिळतील.

मामा : तुझं सगळं ऐकतो. आधी एवढं सांग, नदीला जागा द्यायची म्हणजे कुणाची?

भाची : तुमची. तुमच्यासारख्यांची. गोड बोलून उपयोग नाही मामा, मळीचीच जागा.

मामा : बरं झालं सरळ बोललीस. आता मळीत पाणी आल्यावर काय होतं ते ऐक. उसाचा शेंडा पाण्याखाली गेला की सुरळीत गाळ बसतो. पाणी उतरल्यावर लांबून रान हिरवं दिसतं. साहेब लोक रस्त्यावरूनच म्हणतात, ऊस वाचला. जवळ जाऊन सुरळी ओढली की अलगद हातात येते, खालचं टोक कुजलेलं, वास मारतो. मग कांड्यांच्या डोळ्यांतून पांगशा फुटतात. वजन जातं, उतारा जातो. तोडणीवाले चिखलात उतरायला तयार नसतात. पंचनामा होतो, पैसे येतात ते खताचीही भरपाई करत नाहीत. आणि तू म्हणतेस, अजून जागा द्या.

भाची : अजून नाही. तुम्ही देताच आहात. २००५ ला दिली, २०१९ ला दिली, २०२१ ला दिली. तुमच्या रानात जे पाणी थांबलं ते कुरुंदवाडच्या किंवा खालच्या गावांच्या घरात तेवढं कमी गेलं. तुम्ही ते काम फुकट केलंत, आणि सरकारनं त्याची नोंद नुकसान म्हणून केली.

मामा : हे बोलायला बरं आहे. पण हे पाणी आमचं नव्हेच. शिरोळात पाऊस पडतो वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर. गगनबावड्यात पाच हजारांच्या पुढं. तिकडचा ढग इकडं आमच्या दारात उतरतो. वर कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येऊन पंचगंगा होते, ती नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. वारणा वर हरिपूरला मिळालेली असते, दूधगंगा खाली येते. चार नद्यांचं पाणी एका तालुक्यात, आणि पुढं कृष्णेला उतार नाही. कृष्णा भरली की पंचगंगेचं पाणी पुढं सरतच नाही, उलट फुगतं. पुढं अलमट्टी आहेच.

भाची : अलमट्टीचं पाणी ५१९ मीटरवरून ५२४ वर नेण्याला विरोध करायचा तर करा, त्याची कारणं आहेत. पण २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० मध्ये अहवाल दिला, तेव्हा मुख्य दोष अलमट्टीवर ठेवला नाही. थोड्या दिवसांत पडलेल्या अतोनात पावसावर ठेवला. अलमट्टीवर सगळं ढकललं की आपल्या हद्दीत आपण काय केलं हा प्रश्न सुटून जातो.

मामा : मग भिंत घाला काठानं. सांगलीला मागणी आहेच.

भाची : सांगलीला भिंत घातली की पाणी समोर सांगलवाडीत जाईल. सांगलवाडीला घातली की खाली हरिपुरात, मग तुमच्याकडे. बिहारनं हे सत्तर वर्षं करून पाहिलं. स्वातंत्र्यानंतर तिथं १६० किलोमीटर तटबंध होते, ते ३,७०० किलोमीटरच्या वर गेले. त्याच काळात पूरप्रवण जमीन २५ लाख हेक्टरांवरून ६८ लाखांच्या पुढे गेली. तटबंधात नदी कोंडली की गाळ पात्रातच बसतो, तळ वर येतो, आणि एक दिवस बांध फुटतो. २००८ च्या ऑगस्टमध्ये कुसहाला कोसीचा बांध फुटला तेव्हा ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या कोसी पाहिली नव्हती त्यांच्या अंगणात ती आली.

मामा : पटलं. भिंत नको. पण झाडं लावून २०२१ चा पूर थांबला असता असं म्हणू नकोस. महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला होता.

भाची : नसता थांबला. महिनाभर पावसात भिजलेली माती पाण्यानं भरलेली असते. त्यावर असा पाऊस पडला की जंगल काय आणि माळ काय, पाणी वाहूनच येतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेनं २००५ मध्ये जंगल आणि पूर यांवर एक पुस्तिका काढली होती, तिचं सांगणंही हेच. लहान-मध्यम पुरावर झाडांचा परिणाम दिसतो, मोठ्या खोऱ्यातल्या महापुरावर तो फार थोडा उरतो. जो कुणी देवराई राखून महापूर टळेल असं सांगतो तो चळवळीचं नुकसान करतो.

मामा : २०२१ च्या पुराच्याच आठवड्यात मोबाईलवर चीनचं बघितलं. मेट्रोत माणसं छातीपर्यंत पाण्यात उभी. तू सांगत होतीस ना, तिथली शहरं पाणी मुरवायला बांधलीत म्हणून?

भाची : चेंगचौ. तिथं एका तासात २०१.९ मिलिमीटर पडला. पाणी मुरवणाऱ्या बागा आणि तळी तेवढ्या पावसासाठी बांधलेल्या नव्हत्याच, आणि भुयारी रस्ते वेळेवर बंद केले गेले नाहीत. त्यावरून मी एवढंच घेते की या कामांना मर्यादा आहे आणि ती आधी आकड्यात सांगायला हवी. घाटातल्या जंगलाचा उपयोग मी पुराची उंची सोडून दुसरीकडे मोजेन. २०२१ च्या त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला दरडी आल्या. उतारावरची मुळं आणि माती धरून ठेवणं हे तिथल्या माणसांच्या जिवाचं काम आहे. शिवाय धरणात आणि पात्रात येणारा गाळ तिथूनच सुटतो.

(इथं मला मध्ये बोलायचं आहे. निसर्गाधारित उपायांचा पुरस्कार करणाऱ्या लेखांत एक ढिलाई सर्रास असते. वृक्षारोपण, नदीस्वच्छता, जलपर्णी काढणं, घाट सुशोभीकरण, सगळं पूरनियंत्रणाच्या नावाखाली एका टोपलीत टाकलं जातं. यातली काही कामं वेगळ्या कारणासाठी चांगली असतील. पुराशी त्यांचा संबंध किती, हे विचारणाऱ्या मामांसारख्या माणसाला विकासविरोधी किंवा निसर्गविरोधी ठरवलं जातं. मला तो प्रश्न फार मोलाचा वाटतो. भाचीनं त्याला उत्तर दिलं पाहिजे, आणि ते एकरात आणि क्युसेकमध्ये दिलं पाहिजे.)

मामा : मग हिशेब कर. एक लाख क्युसेक दिवसभर वाहिलं तर साडेआठ टीएमसीच्या वर होतं. पुरात कृष्णेला लाखांनी क्युसेक असतात, आणि ते आठ-आठ दिवस. तू कितीशी तळी खोदणार?

भाची : सगळा पूर साठवायचा नाहीच. शेंड्यावरचा थोडा काढायचा. समजा, पूर सगळ्यात वर असताना चोवीस तास दहा हजार क्युसेक बाजूला काढले. ते होतं पाऊण टीएमसीच्या थोडं वर.

मामा : ०.८६.

भाची : बरोबर. एक टीएमसी पाणी सात हजार एकरांवर एक मीटर उभं राहतं. म्हणजे आपल्या या पाण्याला एक मीटर खोलीनं सहा हजार एकर लागतील, दोन मीटरनं तीन हजार. एवढ्यानं गावातली पातळी काही इंच किंवा फुटापर्यंत उतरेल. ऐकायला कमी वाटतं. पण पुराच्या शेवटच्या फुटात किती घरांच्या उंबऱ्यावरून पाणी आत जातं ते तुम्ही पाहिलं आहे.

मामा : पाहिलंय. पण तुझ्या हिशेबात चूक आहे पोरी. माझं रान पुराच्या पहिल्याच दिवशी भरतं. इशारा पातळी ओलांडायच्या आधीच मळी पाण्यात असते. मग चौथ्या दिवशी पूर शेंड्याला आला तेव्हा माझ्या रानात नवीन पाणी घ्यायला जागाच कुठं? घागर आधीच भरली असेल तर वरून ओतलेलं सांडणारच.

भाची : हा आक्षेप खरा आहे, आणि नदीला जागा द्या म्हणणाऱ्यांपैकी फार थोडे याचा विचार करतात. म्हणून मळीचे दोन प्रकार करावे लागतील. नदीला अगदी लागून असलेली मळी मोकळी ठेवायची, तिथून पाणी वाहू द्यायचं. त्यामागच्या सखल रानाला कमी उंचीचा मातीचा बांध घालायचा आणि त्याला ठराविक पातळीवर सांडवा ठेवायचा. लहान पुरात ते रान कोरडं राहील, आजच्यापेक्षाही कोरडं. महापुरात पाणी त्या पातळीला आलं की सांडव्यावरून आत पडेल. राधानगरीची दारं ठरलेल्या पातळीला आपोआप उघडतात ना, तसंच. माणसाच्या फोनची वाट बघायची नाही.

मामा : म्हणजे बांधच घालायचा. मग निसर्ग कुठं राहिला त्यात?

भाची : मातीचा बांध, नदीपासून मागं सरकवलेला. नेदरलँडनं हेच केलं. १९९५ च्या पुरात त्यांना अडीच लाख माणसं हलवावी लागली. बांध फुटले नाहीत, पण अजून उंच बांधत गेलो तर फुटल्यावर काय होईल याची त्यांना धास्ती बसली. मग तीसहून अधिक ठिकाणी बांध मागं घेतले, जुने प्रवाह मोकळे केले, पूरमैदानं खोल केली. नायमेखेन शहरासमोर वाल नदीचा बांध ३५० मीटर मागं घेतला आणि नवा प्रवाह खोदला. पुराची पातळी सुमारे ३५ सेंटिमीटरनं उतरली. त्यासाठी पन्नासेक घरं पाडावी लागली, आणि त्या माणसांना ते कडू गेलं.

मामा : आणि शेतकऱ्यांचं?

भाची : ओव्हरडीप म्हणून एक सखल पट्टा आहे, दूधवाल्या शेतकऱ्यांचा. तिथं शेतकऱ्यांनीच आराखडा मांडला. गोठे आणि घरं उंच मातीच्या भरावांवर घ्यायची, खालची कुरणं महापुरात नदीला द्यायची. जागा सगळ्यांना पुरली नाही. निम्म्याच्या आसपास कुटुंबं राहिली, बाकीच्यांना दुसरीकडे जावं लागलं.

मामा : निम्मी उठली. हे तू सांगितलंस म्हणून पुढचं ऐकतो.

भाची : हंगेरीत तिसा नदीवर वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लागोपाठ मोठे पूर आले. तिथं तुमच्यासारखाच प्रश्न होता, सपाट मुलूख आणि वरून येणारं पाणी. त्यांनी सखल शेतजमिनीत पूर घेणारे पट्टे केले, पहिला त्सिगांदला २००८ मध्ये पुरा झाला. जमीन शेतकऱ्याच्या नावावरच राहिली. त्याला सुरुवातीला एकरकमी पैसे, आणि प्रत्यक्ष पाणी सोडलं तर पिकाची भरपाई वेगळी.

मामा : सातबारा त्याच्याच नावावर?

भाची : त्याच्याच.

मामा : हे मला पहिल्यांदा सांगायचं सोडून तू झाडांचं सांगत बसलीस.

भाची : झाडांचंही पुरं व्हायचंय. इथं शिरोळात, प्रवाहाच्या वाटेत, मी दाट झाडी लावा म्हणणार नाही. उतार नसलेल्या ठिकाणी झाडी पाणी अडवेल आणि वरच्या गावात पातळी चढवेल. काठ धरायला करंज, उंबर, वाळा ठीक. पण पाणी रेंगाळवायचं काम वर, घाटाखाली करायला हवं. ओढ्यांच्या कडेला, सड्यांवर, भाताच्या खाचरांत. जपानात निगाता प्रांतात शेतकरी खाचराच्या पाटावर लहान भोकाची फळी बसवतात. पाऊस आला की पाणी खाचरात थोडं जास्त उभं राहतं आणि सावकाश निघतं. एका एकरात दहा सेंटिमीटर जादा पाणी म्हणजे चार लाख लिटर. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, सगळीकडे खाचरं आहेत.

मामा : चार दिवस झड लागली की खाचरं पहिल्याच दिवशी भरतील.

भाची : भरतील. म्हणून ते लहान पुराचं काम आहे, महापुराचं नाही. त्यातही धोका आहे. भोगावतीचं पाणी आधी येतं आणि कासारीचं नंतर, असं असेल आणि आपण भोगावतीचंच रेंगाळवलं, तर दोन्ही पूर प्रयाग चिखलीला एकाच वेळी येऊन पोचतील. कुठला ओढा अडवायचा आणि कुठला मोकळा सोडायचा हे खोऱ्याचा हिशेब मांडल्याशिवाय ठरवता येत नाही. गावोगाव उत्साहानं केलेली कामं उलटीही पडू शकतात.

मामा : मग आता माझं ऐक. शेतकऱ्यानं जागा द्यायची, चार गावांनी भोगायचं, आणि कोल्हापुरात पूररेषेच्या आत भराव टाकून इमारती उठतात त्याचं काय? निळी रेषा पंचवीस वर्षांतल्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. निळीच्या आत बांधकाम चालत नाही म्हणतात. जाऊन बघ. ओढ्यांचे नाले झाले, नाल्यांच्या गटारी झाल्या. एका बिल्डरनं दहा फूट मुरूम टाकला की तेवढं पाणी कुणाच्या तरी घरात जातं. माझ्या रानावर सांडवा ठेवणार असशील तर त्याच्या प्लॉटवरचा मुरूम आधी काढ.

भाची : हे माझ्या यादीत तुमच्या रानाच्या आधी आहे. जागा गेली ती शहरांनी खाल्ली, आणि परत मागताना शेतकऱ्याकडे जातात कारण शेताचा भाव कमी आहे. मी ते मान्य करणार नाही. निळ्या रेषेच्या आतला भराव काढायचा खर्च भराव टाकणाऱ्याच्या माथी बसला पाहिजे.

मामा : आणि हायवेचा भराव? पुणे-बंगळूर रस्ता शिरोलीजवळ पंचगंगेच्या पूरमैदानाला आडवा गेलाय. पूल लहान, बाकी मातीचा भराव. २०१९ ला रस्ता दिवसच्या दिवस बंद, २०२१ ला पुन्हा बंद. कोल्हापूरकर म्हणतात, भराव काढा आणि खांबांवर रस्ता घ्या. माझीही तीच मागणी आहे. तो भराव फोडा, मग माझ्याकडे सही मागायला या.

भाची : मामा, तो भराव काढला तर कोल्हापूरची पातळी उतरेल. पण आज जे पाणी भरावाच्या वरच्या अंगाला तुंबून राहतं ते मोकळं होऊन कुठे येईल?

मामा : रुकडी, इचलकरंजी... आमच्याकडं.

भाची : आणि लवकर येईल. वाडीच्या संगमावर कृष्णा भरलेली असताना. भराव काढायला मी विरोध करत नाही, तो काढलाच पाहिजे. पण त्याच्या खाली पाणी घ्यायची सोय आधी झाली नाही तर कोल्हापूर वाचेल आणि शिरोळ आणखी बुडेल.

मामा : म्हणजे आमची जागा तयार झाल्याशिवाय कोल्हापूरचा रस्ता उचलता येत नाही.

भाची : नाही.

मामा : मग हे सहीचं काम उलटं झालं. आम्ही सरकारकडं भरपाई मागायला जायचं नाही. कोल्हापूरनं, महामार्गवाल्यांनी आणि सरकारनं आमच्याकडं जागा मागायला यायचं. त्यांच्या कामाचा पैसा मंजूर होईल त्याच कागदात आमच्या पट्ट्याचा पैसा धरायचा. वेगळी योजना, वेगळं बजेट, पुढच्या वर्षी बघू, असलं चालणार नाही. दुसरं, सातबारा आमचा. तिसरं, सांडव्याची पातळी आम्ही सांगू. २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठल्या बांधापर्यंत आलं ते गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, तुझा नकाशा त्याच्याशी ताडून बघ.

भाची : पातळी एकट्या गावानं ठरवून चालणार नाही. प्रत्येक गाव आपला सांडवा उंच मागेल.

मामा : मग सगळ्या गावांना एका जागी बसवा. आमच्या उपसा संस्थेत दोन गावांचं पाणीवाटप आम्ही भांडून ठरवलंच की. आणि ज्याचं रान सांडव्याच्या आत येतं त्याला ऊसच लावा असा हट्ट नको. दर चांगला असेल तर मी तिथं गवत करीन, म्हशी वाढवीन. पण दर करार करतानाच लिहायचा. पूर आल्यावर तलाठ्यानं येऊन ठरवायचा नाही.

भाची : दर कशावर ठरवायचा? उसाच्या उत्पन्नावर, की तुमच्या रानानं किती पाणी घेतलं त्यावर?

मामा : पाण्यावर. ऊस बुडाला म्हणून दिलेला पैसा मदत होते. पाणी घेतलं म्हणून दिलेला पैसा मजुरी होते. मजुरी मागायला मला अर्ज करावा लागत नाही.

भाची : ०.८६ टीएमसीतला तुमच्या सहा एकरांचा वाटा मी काढून देते.

मामा : माझ्या एकट्याचा नको. पट्ट्यातल्या सगळ्या गटनंबरांचा काढ, आणि पाणी किती दिवस उभं राहणार तेही लिही. चार दिवसांचा दर आणि बारा दिवसांचा दर एक असू शकत नाही.